पांढऱ्या ताऱ्याचं मराठी नाव

द्वारका, दिल्ली
११ नोव्हेंबर २०२५

ताई,

वर काळं दिसतंय तिथे ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं. पान फाडलं असतं तर वहीतलं मागचं पानही सुटलं असतं.

मी जिवंत आहे. दिल्लीत आल्यापासून हे चौथं काम. आधी पहाडगंजच्या एका हॉटेलात चादरी बदलायचो. मग कुरिअर. मग गुडगावला एका सोसायटीच्या गेटवर बसायचं. बसायचं काम, आणि मला! तीन आठवड्यांत सोडलं. आता जे करतो ते ऐकून पूर्वीची ताई हसली असती. मी फुग्यात हवा भरतो.

खरंच. काळ्या कापडाचा मोठा फुगा आहे, आत चाळीस पोरं बसतात. अलकनंदा मॅडम म्हणून आहेत, इथल्याच मराठी, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या. त्या शाळाशाळांत जाऊन तारे दाखवतात. मी हॉलमध्ये कापड पसरतो, ब्लोअर लावतो, दहा मिनिटांत खोलीएवढा घुमट उभा. पोरं रांगत आत शिरतात, मॅडम मशीन लावतात की वर सगळं आकाश. बाहेर सकाळचे अकरा आणि आत ठार रात्र. ब्लोअर मात्र सारखा चालू लागतो. तो थांबला की आकाश हळूहळू डोक्यावर येऊन बसतं.

मॅडमचं मराठी गमतीचं आहे. “इंद्रजित, तो पंखा जरा देख ना, बिल्कुल ट्रॅक्टरसारखा आवाज करतोय.” पण बाई चांगल्या आहेत.

मी दाराशी बसून दिवसाला चार वेळा तेच ऐकतो. आठवी नापास माणसाला आता अर्धं आकाश पाठ आहे. त्यात एक तारा आहे. व्याध माहीत आहे ना, तात्या अंगणातून दाखवायचे तो, सगळ्यात झगझगीत? त्याच्या शेजारी एक बारका पांढरा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, व्याधाच्या उजेडात झाकून जातो. आकार आपल्या पृथ्वीएवढा, उलट जरासा कमीच. आणि वजन अख्ख्या सूर्याचं. मॅडम विचारतात, “बच्चों, इसका एक चम्मच उठाओगे तो कितना भारी होगा?” पोरं ओरडतात, एक किलो, दस किलो! मॅडम म्हणतात, भरलेला ट्रक.

एका चमच्यात भरलेला ट्रक, ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही पोरांबरोबर हसलो. मग त्या रात्री जेवताना हातातल्या चमच्याकडे बघत बसलो.

मॅडम त्याला हिंदीत श्वेत वामन म्हणतात. मराठीत काय म्हणतात कुणास ठाऊक. मी आपलं पांढरा ताराच म्हणतो.

तुझा शार्दूल शेततळ्यात बुडाला त्याला दीड वर्ष झालं. तू माझ्याशी बोलायची थांबलीस त्यालाही तेवढंच. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो ते तुला लागलं, मला कळतं. पण मला दिसलं ते मी सांगितलं. मी बाजारातून आलो तेव्हा मागच्या दाराची कडी निघालेली होती. तू ‘इंद्या, मी लावली होती रे’ म्हणालीस आणि मी खाली बघितलं. दुसरं काय करणार होतो? तेव्हा मांडवाचे खांब पुरून झाले होते आणि दोन दिवसांवर मुंज होती. दहाव्याच्या दिवशी न सांगता निघालो, त्याबद्दल मात्र माफ कर.

इंद्या


२६ नोव्हेंबर

ताई,

शाळा बंद आहेत. हवा इतकी वाईट आहे की सरकारनं पोरांना घरी बसवलंय. दुपारी बारालाही सूर्य पिवळट बल्बसारखा दिसतो, त्याच्याकडे सरळ बघता येतं. फुगा घडी करून मॅडमच्या बाल्कनीत ठेवलाय. मला काम नाही, आणि काम नसलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. काल मेट्रोत बसून ब्लू लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. उगाच.

तुझ्याकडे फोन नाही, तात्या माझा उचलत नाहीत. म्हणून सुरेखाकाकूंना लावला. शेजारी असल्याचा एवढा तरी उपयोग. त्या आधी माझ्यावर खेकसल्या, “मेल्या, बहिणीला टाकून दिल्लीत मजा मारतोस होय रे?” मग रडल्या. मग सांगितलं.

तू दिवसातून पन्नासदा मागच्या दाराशी जाऊन कडी लावलीय का बघत होतीस, म्हणून तात्यांनी गवंडी आणून ते दारच बुजवलं. मी म्हटलं, “मग आता बरं आहे का?” काकू म्हणाल्या, “कसलं बरं. आता ती भिंतीवर हात फिरवते. कडी होती तेवढ्या उंचीला गिलावा गुळगुळीत झालाय बघ.”

दाजी दिवाळीला आले नाहीत हेही कळलं. काकू म्हणाल्या, सूर्यकांतराव सगळीकडे सांगत फिरतात, जिला एक कडी लावता आली नाही तिच्याशी… आणि तिथे त्या थांबल्या.

मी फोन ठेवला. मॅडमकडे गेलो, भांडी घासून दिली, त्यांच्याकडे बाई आहे तरी. त्या म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पांढऱ्या ताऱ्याचं परत सांगा. त्यांना वाटलं मला अभ्यासाची गोडी लागली.

त्यांनी सांगितलं ते असं. तो तारा जळत नाही. त्याच्यातलं जळायचं ते सगळं कधीच जळून गेलं. तरी तो सूर्यापेक्षा चौपट-पाचपट तापलेला आहे, कारण जुनी धग आत कोंडलेली आहे आणि एवढ्याशा अंगातून ती बाहेर पडायला जागा नाही. कोट्यवधी वर्षं लागतील निवायला. मी विचारलं, आणि त्याच्यावर आणखी वजन टाकलं तर? तर तो मोठा व्हायला पाहिजे ना? मॅडम म्हणाल्या, “नाही, तीच तर मजा आहे. जितकं वजन जास्त, तितका तो आणखी लहान होतो.”

मजा म्हणे.

तू जेवतेस का? काकू म्हणाल्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात.

इंद्या


१५ जानेवारी २०२६

ताई,

काल संक्रांतीला पानिपतला गेलो होतो, काला अंबला. दर वर्षी या दिवशी आपली माणसं गाड्या करून येतात. फेटे, झेंडे, तिळगूळ. मॅडमनी एका कोपऱ्यात फुगा लावला होता. पुण्याचे एक आजोबा स्मारकाला हात लावून हमसून हमसून रडत होते. अडीचशे वर्षांमागं गेलेल्या माणसांसाठी, ज्यांची नावंसुद्धा त्यांना ठाऊक नव्हती. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. मला रडू येत नाही. मला एकच नाव ठाऊक आहे आणि तरी येत नाही.

परत येताना अंधार पडता पडता एका ढाब्यावर थांबलो. शेतात जरा आकाश दिसत होतं. मॅडमनी छोटी दुर्बीण काढली आणि व्याध दाखवला. पांढरा तारा त्या दुर्बिणीतही दिसत नाही. मी म्हटलं, मग तो आहे हे कळलं कसं?

त्या म्हणाल्या, व्याधामुळे. व्याध सरळ चालत नाही. जरा इकडे, जरा तिकडे, झोके खात जातो. लोकांना वाटलं मोजण्यात चूक आहे. मग एका जर्मन माणसानं गणित करून सांगितलं की चूक बीक काही नाही, याला शेजारून कुणीतरी ओढतंय. जड आहे आणि लपलेलं आहे. पुढे अठरा वर्षांनी एका मोठ्या दुर्बिणीत तो दिसला.

“म्हणजे अठरा वर्षं सगळ्यांना वाटलं व्याधातच खोट आहे?”

“अरे, तसं नाही… हां, तसंच म्हण.”

“माणसाचंही असंच असतं का?”

“माणसाचं मला नाही माहीत, यार. चहा थंड होतोय.”

आणखी एक. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात. म्हणजे काल मी जो उजेड बघितला तो निघाला तेव्हा शार्दूल आपल्या ओसरीवर रांगत होता, आणि तू त्याच्यामागे धावत ओरडत होतीस, इंद्या, उंबऱ्याशी उभा राहा, हा पडेल. मी उभा राहायचो. तेव्हा राहायचो.

लोक तुझ्याकडे बघतात आणि म्हणतात रेवती भिंतीवर हात फिरवते, हिचं डोकं फिरलंय. तुझ्या शेजारी काय आहे ते कुणी

पुढचं लिहिणार होतो. ड्रायव्हर हॉर्न देतोय. राहू दे.

इंद्या


३ फेब्रुवारी

तात्यांचं कार्ड आलं. तुला माहीत नसेल म्हणून उतरवतो.

‘तुझी पत्रे पोहोचतात. रेवती हातात धरत नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी तिला वाचून दाखवतो. ऐकते की नाही, ठाऊक नाही. सूर्यकांतराव वेगळे होण्याचे कागद पाठवणार आहेत. त्यात लिहिणार आहेत की हिच्या निष्काळजीपणाने मुलगा गेला. ताऱ्यांचे पुरे. कामाचे असेल ते लिही. तात्या.’

म्हणजे आजवरचं सगळं तुला तात्यांच्या आवाजात ऐकू आलं. मला वाटत होतं आपण दोघंच बोलतोय. ‘मागच्या दाराची कडी निघालेली होती’ हे वाक्यसुद्धा तुला तात्यांनी वाचून दाखवलं असणार. कदाचित दोनदा. त्यांना ते पटलेलंच आहे.

पत्र वाचून मी दोन दिवस कामाला गेलो नाही. नोएडाला जाणाऱ्या बसमध्ये बसलो आणि मधेच उतरलो. मॅडमनी फोन केला, “नाराज आहेस का? ये ना, हवा कोण भरणार?”

गेलो.


१३ फेब्रुवारी

ताई,

आज पहाडगंजच्या मराठी शाळेत शो होता. ज्या गल्लीतल्या हॉटेलात मी चादरी बदलायचो तिथून दहा मिनिटांवर. शाळेच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, सगळं मराठीतच हवं. पण दोन दिवसांपासून मॅडमचा घसा पार बसलेला. त्यांनी माईक माझ्या हातात दिला, कुठल्यातरी मराठी पुस्तकातून उतरवलेला एक कागद दिला आणि खुणेनं सांगितलं, तूच बोल.

मी बोललो, ताई. मी! बत्तीस पोरं अंधारात बसलेली आणि मी सप्तर्षी सांगतोय, मृग सांगतोय. पोरं इथलीच. घरी मराठी, बाहेर हिंदी. “व्याध मतलब?” “शिकारी.” “अच्छा!” सगळं नीट चाललं होतं. मग मॅडमनी पांढऱ्या ताऱ्याचं चित्र लावलं. मी कागद टॉर्चखाली धरला आणि वाचलं: याला मराठीत म्हणतात श्वेत बटू.

“बटू म्हणजे काय, सर?”

पोरं आपापसात सुरू झाली. “बटुआ! पैसे ठेवतात ना, तो बटुआ!” “सफेद बटुआ!” “चूप रे, बटू म्हणजे छोटू.” मग मयुरा नावाची एक मुलगी, आवाजावरून आठ-नऊ वर्षांची, ठसक्यात म्हणाली, “काहीही! बटू म्हणजे ज्याची मुंज असते ना, तो. माझ्या भावाची झाली पुण्याला. टक्कल करतात आणि पांढरं नेसवतात.”

“टकलू तारा!” सगळा फुगा हसला.

वर घुमटावर एवढासा पांढरा ठिपका. मी माईक टाकला आणि दाराच्या फटीतून बाहेर पळालो. पळताना पायात वायर आली आणि ब्लोअर बंद पडला. मला कळलंच नाही. मी हॉलच्या दरवाजापर्यंत पोचलो होतो. मागून आवाज आला, आधी हसण्याचा, मग एका पोराच्या रडण्याचा. वळून बघितलं तर फुगा खाली बसत होता, सावकाश.

काळं कापड होतं फक्त. कुणाला काही होणार नव्हतं, मॅडमही नंतर तेच म्हणाल्या. पण मी परत गेलो. वायर लावायचं सुचलं नाही. आत शिरलो, हात वर करून कापड डोक्यावर धरून उभा राहिलो आणि एकेकाला पायांमधून बाहेर काढलं. बाहेर दोनदा मोजली. बत्तीस. मयुरा म्हणाली, “सर, तुम्ही का रडताय?”

आज परत गेलो मी. हे तुला का सांगतोय ते उद्या लिहितो.


१४ फेब्रुवारी, सकाळ

तात्या,

हे पत्रही तुम्हीच वाचणार, म्हणून आधी तुमच्याशी बोलतो. इथून पुढचं मोठ्यानं वाचा. ताईला समोर बसवा, त्या भिंतीपासून लांब. चष्मा पुसायला थांबू नका. थांबलात तर तिला वाटेल संपलं. मनात वाचून घडी घालावीशी वाटेल, मी तुमचाच मुलगा आहे, मला ठाऊक आहे. तसं करू नका. दाजींना याचीच दुसरी प्रत टाकली आहे.

ताई,

त्या दिवशी मी बाजारात जायला निघालो ते सगळ्यांदेखत, पुढच्या दारानं. मुंजीआधी मुलाला उन्हात न्यायचं नाही, असा तात्यांचा हुकूम होता. शार्दूल सकाळपासून मुसमुसत होता, मला टक्कल नको, सगळे हसतील. मी त्याला डोळ्यानं खुणावलं होतं. गाडी विहिरीमागे लावली आणि मागच्या दाराशी आलो. तू भांडी घासून आत गेली होतीस. दार लावलेलं होतं. वरची कडी. त्याचा हात तिथे पोचत नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावरूनच सगळ्यांनी तुला धरलं. पण शेजारच्या खिडकीच्या गजांतून हात घातला की ती बाहेरून काढता येते. लहानपणी आंबे चोरायला जायचो तेव्हा ती युक्ती तूच मला शिकवली होतीस. तुझा हात कडीपर्यंत पोचायचा, माझा पोचत नव्हता. आता पोचतो.

मी कडी काढली. तो बाहेर आला, तोंडावर हात दाबून हसत.

त्याला मी शेजारच्या शेततळ्यावर नेलं. म्हटलं, चल, बटू झाल्यावर कसा दिसशील ते पाण्यात बघू. खिशातला पांढरा रुमाल त्याच्या डोक्याला घट्ट बांधला. खूश झाला. म्हणाला, “मामा, मी बटू!” तेवढ्यात फोन वाजला. दिल्लीचा दोस्त, हॉटेलात जागा आहे, येतोस का. मी बोलत बोलत बांधावरून पलीकडे गेलो. किती वेळ ते नीट आठवत नाही. चार-पाच मिनिटं. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर पाय टिकत नाही. वळलो तेव्हा पाण्यावर रुमाल होता.

मी कमरेपर्यंत उतरलो, घसरलो, कडेच्या दोराला धरून वर आलो. मला पोहता येत नाही हे खरं. पण ओरडता येतं, आणि मी ओरडलो नाही. शंभर पावलांवर पाटलांचे गडी होते. मी रुमाल उचलला, गाडी काढली आणि सिन्नरच्या बाजारात जाऊन पत्रावळी घेतल्या. पँट वाटेत सुकली. दीड तासानं घरी येऊन विचारलं, “शार्दूल कुठाय?”

ओरडलो असतो तर वाचला असता का, हे मला ठाऊक नाही. रोज ठाऊक नसतं.

मग तू तात्यांना सांगत होतीस, ‘कडी मी लावली होती’, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बाहेरून मी नुकताच आलो होतो. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, निघालेली होती. ते खोटं नव्हतं, एवढंच मी स्वतःला दीड वर्ष सांगत आलो. तो भरलेला ट्रक मी तुझ्या हातात दिला आणि इथे पळून आलो. पहिल्या पत्रात पुन्हा तेच लिहिलं. तात्यांनी ते तुला वाचूनही दाखवलं.

सोबत रुमाल आहे. धुतलेला नाही. कोपऱ्यावर ‘इं’ आहे, भाऊबीजेला तूच भरलं होतंस. हा दाजींना दाखव, वकिलाला दाखव.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी ब्लोअरची वायर गुंडाळून ठेवली. मग बसलेल्या आवाजात म्हणाल्या, “फुगा मी दुसऱ्या कुणाला तरी भरायला लावीन. तू जा.” सोमवारी निघतो. उतरलो की आधी पोलीस ठाण्यात जाईन, मग त्यांनी सोडलं तर घरी. दार उघडू नये वाटलं तर उघडू नका. मी अंगणात बसेन. बसायला शिकतो.

क्षमा मागत नाही. ती मागायला सुद्धा तुझ्यासमोर उभं राहावं लागेल.

तात्या, आता एकच ओळ राहिली. ती कागदाकडे बघून वाचू नका. तिच्याकडे बघून म्हणा.

ताई, कडी तू लावली होतीस.